कोलायटिस, क्रोन्स आणि कर्करोग : देखरेखीची कोलोनोस्कोपी केव्हा आणि कशी करून घ्यावी

अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराचा दीर्घकाळचा दाह) किंवा क्रोन्स डिसीज (पचनमार्गात कुठेही होऊ शकणारा तसाच दाह) असलेल्या माणसाला कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे आतून पाहण्याची तपासणी, नवी नसते. निदानाच्या वेळी ती झालेली असते, आजार उसळला की पुन्हा होते, औषध बदलायचे ठरले तर कधी तिसऱ्यांदाही होते. म्हणूनच पोट शांत आहे, रक्त पडत नाही, वजन भरले आहे अशा काळात डॉक्टरांनी पुन्हा तीच तपासणी लिहून दिली की घरातले हमखास विचारतात, "आता बरे आहे ना, मग कशाला?" वर्षानुवर्षांच्या दाहाने मोठ्या आतड्याच्या अस्तरात कर्करोगाच्या वाटेवरचे बदल सुरू झाले आहेत का, हे शोधण्यासाठी ही तपासणी असते, आणि दाह पेटलेला असताना असे बदल सुजेत हरवून जातात, त्यामुळे बरे वाटत असतानाचा काळच त्यासाठी योग्य ठरतो.

धोका किती, याबद्दल आधी थोडे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनात अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांतील मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण १० वर्षांनी २ टक्के, २० वर्षांनी ८ टक्के आणि ३० वर्षांनी १८ टक्के इतके मांडले होते. हेच आकडे आजही फिरत राहतात आणि रुग्णांची झोप उडवतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाने आपल्या देखरेखीखालील रुग्णांचा हिशेब २००६ मध्ये मांडला, तेव्हा हे प्रमाण २० वर्षांनी २.५, ३० वर्षांनी ७.६ आणि ४० वर्षांनी १०.८ टक्के निघाले. डेन्मार्क व स्वीडनमधील २०२० च्या अभ्यासात हा धोका सर्वसाधारण लोकांच्या सुमारे १.६६ पट आढळला. धोका आहे, पण तो सर्वांना सारखा नाही. आणि बहुतेक रुग्णांना हा कर्करोग कधीच होत नाही.

कोणाला अधिक, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : आजार किती वर्षांचा आहे, मोठ्या आतड्याचा किती भाग त्याने व्यापला आहे, आणि दाह किती काळ, किती तीव्र राहिला आहे. केवळ गुदाशयापुरता मर्यादित आजार असेल तर धोका फारसा वाढत नाही आणि त्यासाठी वारंवार देखरेख लागत नाही. क्रोन्स फक्त लहान आतड्यात असेल तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा हा हिशेब लागू होत नाही. मोठ्या आतड्याचा बराच भाग बाधित असेल तर मात्र तो कोलायटिससारखाच लागू होतो. याशिवाय रक्ताच्या नात्यातील, म्हणजे आईवडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, विशेषतः पन्नाशीच्या आत, तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगावे. आपल्याकडे असे आजार घरात दबक्या आवाजात "पोटाचे काहीतरी होते" एवढ्यावर मिटवले जातात. मामा-मावशीला विचारून नेमके काय होते ते जाणून घेण्यात संकोच करू नये.

वर्षे कुठून मोजावीत

पहिली देखरेखीची कोलोनोस्कोपी लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण ८ वर्षांनी करावी, असे बहुतेक मार्गदर्शनांत म्हटले आहे. येथे "लक्षणे सुरू झाल्यापासून" हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण आपल्याकडे लक्षणे आणि निदान यांत मोठे अंतर पडते. रक्त पडू लागले की मूळव्याध म्हणून काही महिने जातात, आव म्हणून जंतांच्या व अमिबाच्या गोळ्या होतात. क्रोन्सच्या बाबतीत तर आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे दोन्ही आजार लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी जवळपास सारख्याच जखमा करतात, त्यामुळे अनेकांचा आधी एकेटीचा, म्हणजे क्षयाच्या औषधांचा, पूर्ण कोर्स होतो आणि त्याने गुण आला नाही की मग क्रोन्सचा विचार पुढे येतो. अशा रुग्णाच्या फाईलवर निदानाची तारीख २०२१ ची असते, पण रक्त पहिल्यांदा पडले ते २०१७ मध्ये. डॉक्टर फाईलवरची तारीख वाचतात. खरी तारीख रुग्णालाच ठाऊक असते. एका कोऱ्या कागदावर लक्षणे केव्हा सुरू झाली, निदान केव्हा झाले, आजवरच्या कोलोनोस्कोपींच्या तारखा आणि प्रत्येक वेळी आजार कुठपर्यंत दिसला, एवढे लिहून तो कागद फाईलच्या पहिल्या पानावर लावावा. प्लास्टिकच्या पिशवीत गोळा झालेल्या वीस कागदांपेक्षा ओपीडीतल्या दहा मिनिटांत हा एक कागद अधिक उपयोगी पडतो.

८ वर्षांच्या या नियमाला एक ठळक अपवाद आहे. प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, अर्थात पित्तनलिकांना व्रण पडून त्या आक्रसण्याचा आजार, ज्यांना कोलायटिससोबत असतो त्यांनी तो समजल्या दिवसापासूनच दरवर्षी कोलोनोस्कोपी करून घ्यावी. या रुग्णांतील कोलायटिस बहुधा सौम्य वाटतो, पोट फारसे त्रास देत नाही, आणि म्हणून ते तपासणीला सर्वांत उशिरा येतात. धोका मात्र त्यांनाच सर्वांत जास्त असतो. लिव्हरच्या तपासण्यांत अल्कलाईन फॉस्फटेज (पित्तनलिकांत अडथळा असल्यास वाढणारे एन्झाइम) सतत वाढलेले येत असेल तर ते "थोडे वाढलेय" म्हणून सोडून देऊ नये.

पहिल्या तपासणीनंतर पुढची केव्हा, याचे युरोपातील तज्ज्ञ संघटनेने केलेले ढोबळ गट असे आहेत. पित्तनलिकांचा वरील आजार, गेल्या पाच वर्षांत आढळलेले डिस्प्लेझिया (पेशींतील कर्करोगाच्या वाटेवरचे बदल) किंवा आतड्याचा अरुंद झालेला भाग, तीव्र दाहासह पसरलेला आजार, अथवा पन्नाशीच्या आत कर्करोग झालेले जवळचे नातेवाईक, यांपैकी काही असेल तर दरवर्षी. सौम्य ते मध्यम दाह टिकून असेल, जुन्या दाहाने उरलेले पॉलिप (अस्तरावरचे उंचवटे) असतील किंवा नातेवाईकाला पन्नाशीनंतर कर्करोग झाला असेल तर दोन ते तीन वर्षांनी. यांतले काहीच नसेल तर पाच वर्षांनी. आपला गट कोणता, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे आणि पुढच्या तपासणीचे वर्ष डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे. गट कायमचा नसतो. दाह आटोक्यात आला की अंतर वाढू शकते.

पोट साफ करणे : सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक भाग

देखरेखीच्या तपासणीत शोधायचे असते ते बऱ्याचदा सपाट, किंचित खडबडीत, आजूबाजूच्या अस्तरापेक्षा जेमतेम वेगळे दिसणारे ठिकाण. आतड्यात मळ राहिला तर ते दिसत नाही, आणि तपासणी पुन्हा करावी लागते. म्हणून दोन-तीन दिवस आधीपासून चोथा कमी असलेला आहार ठेवावा : मऊ भात, मुगाच्या डाळीचे पातळ वरण, दही, गाळलेले ताक, बिनसालाचा उकडलेला बटाटा. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाज्या, शेवग्याच्या शेंगा, पेरू, जवसाची किंवा तिळाची चटणी हे सर्व बंद. तपासणी चतुर्थीला किंवा एकादशीला येत असेल तर विशेष लक्षात ठेवावे, की शेंगदाण्याचा कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी उपवासाला चालते, कोलोनोस्कोपीला नाही. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पेये. कोकम सरबत आणि बिटाचा रस टाळावा, कारण त्यांचा लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात, इसबगोलही बंद करावे. रक्त पातळ करणारी औषधे आणि मधुमेहाची औषधे मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्यांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे.

पोट साफ करणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर एका दमात संपवण्यापेक्षा दोन भागांत घेणे चांगले : अर्धी आदल्या संध्याकाळी आणि अर्धी तपासणीच्या चार ते सहा तास आधी. सोडियम फॉस्फेटचे द्रावण या आजारात टाळावे, कारण ते स्वतःच अस्तरावर बारीक व्रण पाडू शकते आणि मग ते व्रण आजाराचे की औषधाचे, हा गोंधळ होतो. सकाळच्या तपासणीसाठी दुसरा भाग पहाटे घ्यावा लागतो, आणि येथेच बाहेरगावच्या रुग्णांची अडचण होते. साताऱ्याहून किंवा बारामतीहून पहाटेची एसटी धरून पुण्यात यायचे आणि वाटेत पावडर घ्यायची, हे कोणालाही जमणारे नाही. शक्य असेल तर आदल्या रात्री पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम करावा, नाहीतर दुपारची वेळ मागून घ्यावी. शेवटचे शौच स्वच्छ, पिवळसर पाण्यासारखे झाले नसेल तर तसे नर्सला आधीच सांगावे.

भूल देऊन तपासणी झाल्यावर त्या दिवशी वाहन चालवायचे नाही. पुण्यात हे सांगावे लागते, कारण येथे माणूस दवाखान्यातही स्वतःच्या दुचाकीवर येतो आणि "मला काही झाले नाही" म्हणत तिच्यावरूनच परतू पाहतो. सोबत कोणीतरी आणावे.

काय मागावे, अहवालात काय पाहावे

वेळ ठरवतानाच विचारावे, की तपासणी हाय डेफिनिशन दुर्बिणीने होईल का आणि क्रोमोएन्डोस्कोपी, म्हणजे इंडिगो कार्माइन किंवा मेथिलीन ब्लूसारखा रंग अस्तरावर फवारून पाहणे, शक्य आहे का. रंग खाचाखोचांत साचतो आणि सपाट बदल उठून दिसतो. काही ठिकाणी रंगाऐवजी दुर्बिणीतील विशेष प्रकाश वापरतात. तोही मान्य पर्याय आहे. यांतले काहीच उपलब्ध नसेल तर दर दहा सेंटीमीटरवर चार बाजूंनी तुकडे घेण्याची जुनी पद्धत असते, ज्यात तुकड्यांची संख्या तीसच्या वर जाते. पित्तनलिकांचा आजार किंवा पूर्वीचे डिस्प्लेझिया असेल तर रंग वापरूनही असे तुकडे घेतात. अशा सावकाश तपासणीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, हे रुग्णालयाला आधी कळलेले बरे. आणि विमा असेल तर कंपनीलाही आधीच विचारून ठेवावे.

अहवाल हातात आल्यावर पुढील गोष्टी स्वतः वाचाव्यात. दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या टोकापर्यंत, पोहोचली का. आतड्याच्या सफाईचा बोस्टन स्कोअर किती : आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण असतात आणि प्रत्येक भागाला किमान २ मिळाले तर सफाई पुरेशी मानतात, एखाद्या भागाला १ असेल तर "नॉर्मल" या शब्दावर विसंबू नये. कोलायटिस असेल तर मेयो स्कोअर किती, म्हणजे दाह किती उरला आहे. बायोप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी घेतलेल्या तुकड्यांच्या, बाटल्यांवर जागा लिहिली होती का. "रँडम कोलोनिक बायोप्सी" अशी एकच बाटली असेल आणि त्यात काही निघाले, तर ते आतड्यात नेमके कुठे होते हे सांगता येत नाही.

पॅथॉलॉजीच्या अहवालात शोधायचा शब्द डिस्प्लेझिया. तो नाही असे लिहिले असेल तर उत्तम. "इनडेफिनिट" म्हणजे नक्की सांगता येत नाही. दाहामुळेही पेशी तशा दिसतात, म्हणून औषधाने दाह कमी करून पुन्हा पाहतात. लो ग्रेड (कमी तीव्र बदल) किंवा हाय ग्रेड (जास्त तीव्र बदल) असे आले तर घाबरून त्याच दिवशी शस्त्रक्रियेची तारीख घेण्याऐवजी स्लाईड आणि ब्लॉक (जतन केलेले तुकड्यांचे नमुने) मागून घ्यावेत आणि पचनसंस्थेच्या पॅथॉलॉजीत मुरलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाकडून खात्री करून घ्यावी. तो आपला हक्क आहे आणि शिरस्ताही. बदल डोळ्यांना दिसणारा आणि कडा स्पष्ट असलेला असेल तर तो दुर्बिणीतूनच पूर्ण काढता येतो आणि पुढे काही महिन्यांच्या अंतराने त्या जागेची तपासणी होते. न दिसणारे हाय ग्रेड किंवा अनेक ठिकाणी पसरलेले डिस्प्लेझिया असेल तर मोठे आतडे काढण्याचा विचार करावा लागतो.

शौचातील कॅलप्रोटेक्टिनची तपासणी दाह सांगते, कर्करोग नव्हे. रक्तातील सीईए हे कर्करोगाशी जोडले जाणारे प्रथिन चाळणी म्हणून निरुपयोगी आहे. या दोहोंवर समाधान मानून कोलोनोस्कोपी टाळू नये.

बाकीचे

दाह आटोक्यात ठेवणे हीच कर्करोगाविरुद्धची सर्वांत मोठी तजवीज आहे, म्हणून बरे वाटले की मेसालामाईन (दाह कमी ठेवणारे औषध) बंद करण्याची सवय सोडावी. अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेणाऱ्यांत लिम्फोमाचा (लसीका ग्रंथींच्या कर्करोगाचा) आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. त्वचेबद्दलची माहिती मुख्यतः गोऱ्या वर्णाच्या लोकांतली आहे, तरी उन्हात टोपी आणि पूर्ण बाह्या वापराव्यात, न भरणारी जखम दाखवावी. हे औषध इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधासोबत तरुण पुरुषांना देताना लिम्फोमाच्या एका अतिशय दुर्मीळ प्रकाराची चर्चा डॉक्टरांशी आधी व्हावी. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी नेमाने करावी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची लस जिवंत विषाणूंची नसल्याने ही औषधे चालू असतानाही घेता येते. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस ९ ते २६ वर्षे वयासाठी मंजूर आहे.

गुदद्वाराजवळ क्रोन्सचे जुने भगंदर असेल आणि तेथे नव्याने वेदना, कडकपणा किंवा वेगळाच स्राव सुरू झाला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता भूल देऊन तपासणी करून घ्यावी. पोट अडकू लागणे, कारणाशिवाय वजन किंवा हिमोग्लोबिन उतरणे, असे झाले तरीही ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. मोठे आतडे काढले तरी गुदाशयाचा भाग मागे ठेवला असेल तर त्याची देखरेख चालूच राहते, आणि लहान आतड्याचा पाऊच (गुदाशयाऐवजी बनवलेली पिशवी) केला असेल तर तो किती वर्षांनी पाहायचा हे, पूर्वी डिस्प्लेझिया किंवा पित्तनलिकांचा आजार होता का, यावरून सर्जन ठरवतात.