डिझेल इंजिन बदलताना या चुका टाळा: सीसी जुळली म्हणून इंजिन जुळत नाही

एकाच घराण्यातल्या दोन मॉडेलांमध्ये इंजिनाची अदलाबदल सोपी वाटते. ब्लॉक सारखाच दिसतो, माउंटिंगचे बोल्टही बहुधा बसतात. पण काम फसतं ते सेन्सर, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), टर्बो (सिलिंडरमध्ये जास्त हवा दाबून भरणारा पंखा) आणि डिझेलच्या लाइनमध्ये, आणि तेही इंजिन खाली बसवून झाल्यावर लक्षात येतं.

फक्त सीसी बघून इंजिन घेणं

फियाटचं 1.3 मल्टीजेट बघा. 1248 सीसीचं हे इंजिन फियाट, सुझुकी, टाटा, ओपल अशा अनेकांच्या गाड्यांत आलं. 75 पीएस (ताकदीचं माप) इंजिनाला साधा टर्बो, 90 पीएसच्या इंजिनाला व्हेरिएबल जॉमेट्री, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारा टर्बो. साध्या टर्बोसाठीचा ईसीयू दुसऱ्यावर लावला, तर टर्बोच्या पात्यांवर ताबा राहत नाही, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) चुकतं आणि गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे ईसीयू मुद्दाम ताकद कमी करतो. फोक्सवॅगनच्या 1.9 टीडीआयमध्ये फरक याहून मोठा आहे. 1896 सीसी तीच, पण जुन्या इंजिनावर सगळ्या सिलिंडरांना डिझेल देणारा एकच रोटरी पंप आणि नंतरच्यावर प्रत्येक सिलिंडरला कॅमशाफ्टवर चालणारा, स्वतःच दाब तयार करून डिझेल फवारणारा युनिट इंजेक्टर. शिवाय गोल्फच्या चौथ्या पिढीत इंजिन आडवं बसतं, पसाट बी5 मध्ये गाडीच्या लांबीत. त्यामुळे ऑइल चेंबर, माउंटिंग ब्रॅकेट, टर्बोचे पाइप आणि गिअरबॉक्स जोडायची छिद्रं, सगळंच बदलतं.

म्हणून ब्लॉकवर कोरलेला इंजिन कोड वाचा आणि दोन्ही इंजिनं शेजारी ठेवून टर्बो, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर आणि प्रत्येक कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लगच्या) पिना ताडून बघा.

अर्धं सामान इकडचं, अर्धं तिकडचं

सर्वात जास्त वेळ इथे वाया जातो. कोड तंतोतंत तोच असेल, तर आपल्या गाडीचा ईसीयू, वायरिंग आणि सेन्सर ठेवून फक्त इंजिन बदला. कोड वेगळा असेल, तर डोनर गाडीचं (जिचं इंजिन काढलं तिचं) इंजिन, वायरिंग, ईसीयू, अ‍ॅक्सिलरेटर पेडल, इमोबिलायझर आणि किल्ली असा पूर्ण संच घ्या. इमोबिलायझर म्हणजे किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी चोरीविरोधी यंत्रणा. अनेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या मीटरच्या आतच असतो, तेव्हा मीटरही लागतं. इमोबिलायझर जुळला नाही, तर सेल्फ लागतो आणि इंजिन सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतं.

कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं) इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षर-आकड्यांचा कोड असतो. त्या नगातून नेमकं किती डिझेल सुटतं, त्याची दुरुस्ती त्यात असते. इंजिन खाली बसल्यावर तो वाचता येत नाही, म्हणून आधीच सिलिंडरच्या क्रमाने फोटो काढा आणि स्कॅनरने ईसीयूत भरा. हे राहिलं की आयडलला खडखडाट, धूर आणि थरथर येते, आणि उगाच चांगले इंजेक्टर बदलले जातात.

थंड इंजिन सुरू व्हायला सिलिंडर तापवणारे हीटर प्लगही तपासा. काही प्लग 5 किंवा 7 व्होल्टचे असतात. त्यांना जुन्या रिलेतून थेट 12 व्होल्ट दिले की जळतात.

गिअरबॉक्स जोडताना घाई

ब्लॉक आणि बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं तोंड) यांच्यामधल्या डॉवेल पिना, म्हणजे दोन्ही नेमके समोरासमोर धरणाऱ्या खुंट्या, काढताना पडतात आणि कुणाच्या लक्षात येत नाहीत. त्यांच्याशिवाय बोल्ट बसतात, पण शाफ्ट मध्यावर राहत नाही. मग क्लच अडतो आणि प्लेटचे दाते झिजतात. गिअरबॉक्सचं वजन क्लच प्लेटवर लटकवू नका, प्लेट वाकते. फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट एकाच संचातली हवीत. ड्युअल मास फ्लायव्हीलसाठीची (आतच स्प्रिंग असलेल्या दोन भागांच्या फ्लायव्हीलसाठीची) प्लेट साध्या फ्लायव्हीलला लावली, तर धक्के शोषायला स्प्रिंगच उरत नाहीत.

इंजिन बाहेर आहे तोवर मागचं क्रँक ऑइल सील, टायमिंग बेल्ट किंवा चेन टेन्शनरसकट, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट बदलून टाका. नंतर यातल्या बहुतेक कामांना पुन्हा बरीच उचकाउचकी.

कोरडा टर्बो, भरलेला इंटरकूलर

पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू करू नका. टर्बोच्या ऑइल पाइपात थोडं ऑइल ओता, इंजेक्टरचे कपलर काढा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत 10-10 सेकंद सेल्फ मारा, मध्ये मिनिटभर थांबत. ऑइल परत येणाऱ्या पाइपाच्या जोडाला सिलिकॉन लावू नका. सुटलेला तुकडा पाइप तुंबवतो आणि टर्बोच्या सीलमधून ऑइल बाहेर पडतं.

जुन्या टर्बोने ऑइल टाकलं असेल, तर इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) उतरवून धुवा, सुकवा. आत साठलेलं ऑइल इंजिन इंधन म्हणून ओढतं, आरपीएम आपोआप चढत जातो आणि किल्ली काढली तरी इंजिन थांबत नाही. यात इंजिन फुटू शकतं. पहिल्या स्टार्टला हवेचं तोंड झाकायला सपाट फळी हाताशी ठेवा. तिथे कापड किंवा हात लावायचा नाही. आत ओढला जातो.

सुरूच होत नाही? आधी हे बघा

सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम आला पाहिजे, साधारण 200 किंवा जास्त. शून्य असेल तर क्रँक सेन्सर, त्याची वायर किंवा चुकीचं दातेरी चाक. आरपीएम येतो पण रेल प्रेशर 200 ते 250 बारपर्यंत चढत नाही, तर लाइनने हवा धरली आहे किंवा एखादा इंजेक्टर रिटर्नला (टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत) जास्त डिझेल सोडतो आहे. चारही रिटर्न नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडा, दोषी लगेच दिसतो.

सेल्फ जड वाटला तर मल्टिमीटर ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये लावून सेल्फ मारा. अर्धा व्होल्ट दिसला, तर अर्थिंगची पट्टी सैल किंवा लावायचीच राहिली आहे. तशीच गाडी चालवली, तर करंट गिअरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती तापते.

उघडे हाय प्रेशर जोड मात्र झाकूनच ठेवा. कचऱ्याचा बारीक कणही पंप आणि इंजेक्टर दोन्ही घालवतो. इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर नवे टाका. आणि नोंदणीच्या कागदांवरचा इंजिन क्रमांक गाडी रस्त्यावर आणण्याआधी बदलून घ्या.