जुन्या पिकअपचे पुढचे कॅलिपर घरच्या घरी बदलायचे तर

इंदूरहून ओंकारेश्वरला जाताना सिमरोल मागे पडलं की भेरूघाट लागतो. तिथल्या उतारावर आमची पिकअप ब्रेक दाबला की उजवीकडे ओढायला लागली. मागे मंडपाचे पाइप भरलेले. खाली बलवाड्याला गाडी लावून पुढच्या चाकांजवळ तळहात नेला (टेकवायचा नाही, भाजतो). उजवं चाक भट्टीसारखं, डावं जवळजवळ गार. म्हणजे डावा कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा) कामच करत नव्हता, सगळा भार उजव्यावर.

यात लोक हमखास गफलत करतात. गाडी ओढते त्याच बाजूचा कॅलिपर खराब, असं धरून चालतात. ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर बहुधा विरुद्ध बाजूचा कॅलिपर जाम असतो. ब्रेक न दाबताही ओढत असेल, चाकाला जळका वास येत असेल, तर मात्र त्याच बाजूचे पॅड डिस्कला चिकटून राहिलेत.

पण चिकटलेला ब्रेक म्हणजे कॅलिपरच गेला, असंही नाही. चाक उचला, ब्रेक दाबून सोडा. चाक फिरत नसेल तर कॅलिपरचा निपल (हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू) पाव फेरा सैल करा. तरीही चाक अडकलेलंच असेल, तर पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना जाम आहेत. ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकून होता. मग निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाबा-सोडा आणि या वेळी कॅलिपरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या, म्हणजे होजच्या, आधीचा लोखंडी पाइपाचा जोड सैल करा. तिथे सुटलं तर दोष वर, पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे. तिथे नाही सुटलं तर होज आतून फुगलाय: दाब आत जातो, परत येत नाही. बाहेरून असा होज अगदी ठणठणीत दिसतो.

सामान

दोन्ही बाजूंचे कॅलिपर एकदमच बदला. एक नवा, एक जुना ठेवला तर ओढण्याची तक्रार तशीच राहते. त्यांच्याबरोबर दोन्ही होज, नवे पॅड, चार तांब्याचे वॉशर, एक लिटर सीलबंद ब्रेक ऑइल, ब्रेक क्लीनर आणि रबराला चालणारं ब्रेक ग्रीस घ्या. साधं ग्रीस पिनांना लावू नका, रबर फुगतं. दुकानात जाताना चेसिस नंबर आणि जुन्या कॅलिपरचा फोटो न्या. एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षांत कॅलिपर बदललेले असतात. टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळता येणारा) नसेल तर भाड्याने आणा, पण अंदाजाने आवळू नका. गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातले आकडे आधी लिहून घ्या.

खोलताना

सपाट जागा हवी. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग जॅक, आणि चेसिसखाली स्टँड. विटांवर गाडी ठेवून खाली हात घालणारे मी पाहिलेत. वीट तडकताना आधी आवाज करत नाही.

चाक काढल्यावर स्टिअरिंग बाहेरच्या बाजूला वळवा, बोल्ट समोर येतात. कॅलिपरचे दोन पिन-बोल्ट काढून कॅलिपर उचला आणि तारेने स्प्रिंगला टांगा, होजवर लोंबू देऊ नका. मागचे, कॅलिपर ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट वर्षानुवर्षं गंजलेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला तर सकाळी शिव्या कमी लागतात. होज सगळ्यात शेवटी सोडा.

होज सोडण्याआधी एक युक्ती: पेडल इंचभर दाबून सीटला काठी टेकवून तसंच धरून ठेवा. मास्टर सिलिंडरमधली वाट बंद होते आणि ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होत नाही. ब्रेक लाइट मात्र पेटलेले राहतात, म्हणून बॅटरीची तार काढा. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. तासाभराने पाहाल तर रंगाचे पापुद्रे निघालेले असतील.

डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. मोजून त्याखाली असेल तर डिस्कही बदला. डिस्क जिथे बसते त्या हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासा, नाहीतर डिस्क तिरकी बसते आणि पेडल थरथरतं. पॅडची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. ती छातीत जाते.

लावताना

ब्रॅकेट टॉर्क पान्याने आवळा. पिनांना ग्रीसचा पातळ थर द्या, त्या बोटाने ढकलल्या की सरकायला हव्यात. पॅड बसवा, वर कॅलिपर. होजच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी नवा वॉशर. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि होज पिळलेला नाही, टायरला घासत नाही, हे डोळ्याने बघा.

आता माझी फजिती. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा सगळं बसवून ऑइलमध्ये शिरलेली हवा काढायला लागलो. पुतणी सीटवर, मी चाकापाशी. "काका, दाबलंय!" निपल उघड, ऑइल, बंद, "सोड." तासभर हेच. जवळजवळ अख्खा लिटर ऑइल बाटलीत, आणि पेडल तरी ओल्या स्पंजसारखं. शेवटी तिनेच वाकून विचारलं, "काका, त्या फोटोत हे बोंडूक वर होतं ना?" डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला होता मी. निपल खाली, हवा वर. ती कशी निघणार? बोल्ट तसेही बिनतक्रार बसतात, त्यामुळे हातांना चूक कळत नाही. निपल नेहमी वरच्या टोकाला हवा.

हवा काढणं

निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. वरच्या क्रमानेच: दाबलेलं असताना उघडा, बंद केल्यावरच सोडायला सांगा. बुडबुडे थांबेपर्यंत, आणि टाकीतली पातळी सारखी भरत. टाकी कोरडी पडली तर मागची चाकंही करावी लागतात. तेव्हा मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा तुकडा ठेवा. एरवी पिस्टन जिथवर कधी जात नाही तिथे सिलिंडरला गंज असतो आणि सील फाटतं.

ऑइल कोणत्या दर्जाचं, डॉट ३ की डॉट ४, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० ला. हवेतला ओलावा शोषला की हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत उतरू शकतात. घाटात पेडल अचानक खाली जाण्यामागे बहुतेकदा हेच उकळलेलं जुनं ऑइल असतं. डॉट ५ सिलिकॉनचं, ते यात मिसळू नका.

मोठे कॅलिपर लावावेत का?

दुकानदार सुचवतोच. हिशोब करून बघा. ५४ मिमी पिस्टनऐवजी ६० मिमी घेतला तर क्षेत्रफळ सुमारे २३ टक्के वाढतं, तेवढीच पकडही. पण मास्टर सिलिंडर तोच असेल तर पिस्टन ढकलायला ऑइलही तेवढंच जास्त लागतं, म्हणजे पेडल आणखी खाली जातं. शिवाय पुढचा जोर वाढून मागचा तसाच राहिला, तर रिकाम्या गाडीची पुढची चाकं ओल्या रस्त्यावर आधी लॉक होतात. मोठी डिस्क घेतली तर जुन्या रिममध्ये मावत नाही. कंपनीने त्याच गाडीच्या पुढच्या आवृत्तीत मास्टर सिलिंडरसकट मोठा सेट दिला असेल तर तो पूर्ण घ्या, अर्धवट नको. नाहीतर नवे होज, ताजं डॉट ४ आणि चांगले पॅड यांनी जो फरक पडतो, तो पैशांच्या मानाने मला जास्त वाटतो. मागचे ड्रम ब्रेकही नीट ॲडजस्ट करून घ्या.

रस्त्यावर नेण्याआधी

इंजिन चालू करून पेडल कडक होईपर्यंत अनेकदा दाबा. नवे पिस्टन मागे गेलेले असतात, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, आणि गल्लीतच भिंत गाठली जाते. पेडल अर्धा मिनिट दाबून धरा आणि जोड तपासा. मग कॉलनीत चालण्याच्या वेगाने दोन-तीनदा थांबवून बघा.

नवे पॅड डिस्कशी घासून जुळवून घ्यायला पहाटे रिकामा बायपास बरा. ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा, मध्ये थोडं चालवून थंड होऊ देत, आणि शेवटी गरम ब्रेकवर गाडी थांबवून न ठेवता. साधारण १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, टाकीतली पातळी बघा. आणि पहिल्या मोठ्या उतारानंतर पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात न्या: दोन्ही सारखीच तापलेली असायला हवीत.