कंबरदुखीसाठी पायाचं रिफ्लेक्सॉलॉजी: घरच्या घरी, बेताच्या दाबाने

रिफ्लेक्सॉलॉजी म्हणजे तळव्यावरच्या ठरावीक जागा दाबून शरीराच्या दुसऱ्या भागाला आराम देण्याची पद्धत. कुठली जागा कुठल्या भागाची, याच्या तिच्या नकाशात पाठीच्या कण्याची जागा पायाच्या आतल्या कडेवर आहे. अंगठ्याच्या कडेला मान, चवड्याच्या कडेला पाठीचा वरचा भाग, कमानीला कंबर आणि टाचेच्या आतल्या बाजूला माकडहाड. पाय आडवा धरून बघितला तर या कडेचा बाक कण्यासारखाच दिसतो. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या युनिस इंगहॅम यांनी हा नकाशा तपशिलात बसवला. तळव्यातला एखादा बिंदू आणि कंबर यांना जोडणारी स्वतंत्र नस मात्र शरीरशास्त्राला सापडलेली नाही. त्यामुळे यातून दुखणं सुसह्य होईल, ताठरपणा सैल पडेल, झोप बरी लागेल एवढीच अपेक्षा ठेवा. मणक्यांमधली सरकलेली चकती यातून जागेवर येत नाही.

जेवणानंतर तासभर जाऊ द्या. ज्याची कंबर दुखते त्याला उताणं झोपवा आणि गुडघ्यांखाली जाड उशी द्या. पाय सरळ ताणलेले राहिले तर कंबरेवर ओढ येते आणि पुढची मेहनत वाया जाते. तुमची नखं कापलेली हवीत. तेल आत्ता लावू नका, त्याने अंगठा घसरतो आणि दाब एका जागी टिकत नाही. चिमूटभर टाल्कम पावडर पुरते.

आधी पाय दोन्ही हातांत धरून मिनिटभर नुसती ऊब मिळू द्या. मग घोटा दोन्ही दिशांना पाच-पाच वेळा सावकाश फिरवा.

आता मुख्य काम. एका हाताने पायाची बोटं हलकेच मागे धरा. दुसऱ्या हाताचा अंगठा टाचेच्या आतल्या कडेवर टेकवा, त्याची चार बोटं पायाच्या वरच्या बाजूला आधाराला ठेवा. अंगठा पहिल्या पेरात थोडा वाकवायचा, दाबायचं, सैल करायचं आणि दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकायचं. सुरवंट चालतो तशी चाल. त्वचेवरून घासत नेऊ नका. आपल्याकडे तूप लावून काशाच्या वाटीने तळवे घासतात, त्यात घर्षण असतं. इथे सगळा भर दाबावर आहे. टाचेपासून पायाच्या अंगठ्याच्या टोकापर्यंत अशा तीन फेऱ्या करा. कमानीत घाई करू नका, कंबरेचा भाग तोच. तिथे एखादी जागा कळ देते. त्या जागी दाब स्थिर धरून समोरच्याचे पाच-सहा श्वास होऊ द्या, मग हळूहळू सोडा.

दाब दहापैकी चार. बहुतेक जण इथेच चुकतात. जितकं दुखेल तितका गुण येईल असं समजून अंगठा रुतवतात. पायाची बोटं आखडली, श्वास रोखला गेला किंवा पाय मागे ओढला गेला, तर दाब जास्त झाला आहे. शरीर बचावासाठी आवळलं की कंबरही आवळते. दुसऱ्या दिवशी तळवा काळानिळा पडला, तर तो चुकीच्या दाबाचा परिणाम आहे. ‘विष बाहेर पडतंय’ वगैरे समजू नका. तुमचाच अंगठा दुखायला लागला तर तो पेरात उलटा वाकतोय का ते बघा. जोर खांद्यातून आला पाहिजे.

एका पायाला दहा मिनिटं, मग दुसरा पाय. शेवटी हवं तर दोन थेंब तेल. स्वतःचंच करायचं असेल तर वाकून तळवा गाठू नका, त्याने कंबर आणखी धरते. हाताच्या अंगठ्याच्या बाहेरच्या कडेवर, मनगटापर्यंत, हीच चाल वापरा.

मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, पायाला जखम असेल, ताजं फ्रॅक्चर असेल, गाऊट (युरिक आम्लामुळे सांधे सुजण्याचा विकार) उसळला असेल किंवा पोटरीत रक्ताची गुठळी असण्याची शंका असेल, तर हे करूच नका. गरोदरपणात आधी डॉक्टरांना विचारा. आणि कंबरदुखीसोबत पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पडल्यानंतर सुरू झालेल्या किंवा तापासोबतच्या दुखण्यालाही आधी डॉक्टर.

एक दिवसाआड करा. आधी, नंतर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं शून्य ते दहात किती, ते वहीत लिहा. सहा वेळा करूनही सकाळचा आकडा हलला नाही, तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.