सोयाबीनचा एकरी खर्च नेमका किती? कुठला खर्च कधी धरायचा ते बघू

सोयाबीनला एकरी किती खर्च आला असं गावात तिघांना विचारा, एक सांगेल 20 हजार, दुसरा 25, तिसरा म्हणेल 33 च्या आत काही होत नाही. तिघं पण खरंच बोलत असतात बरं का, फक्त प्रत्येकाने वेगवेगळा खर्च धरलेला असतो. कॉमर्सच्या पुस्तकात फिक्स्ड, व्हेरिएबल, मार्जिनल, संक असली नावं पाठ करून घेतात पण कुठला प्रश्न पडला की कुठला खर्च बघायचा हे कोणी सांगत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. म्हणून एकच एकर घेऊ आणि सगळं त्यावरच बसवू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या भागातले दर टाकून घ्या.

कोरडवाहू एक एकर, उतारा 8 क्विंटल धरा. नांगरट अन रोटाव्हेटर 2800, पेरणी 800, बियाण्याची बॅग 2700, डीएपी खताचं एक पोतं 1350, तणनाशक 1200, दोन फवारण्यांचं औषध 2400, काढणी उक्ती, म्हणजे एकराचे एकरकमी ठरवून, दिली ती 4500, मळणी क्विंटलला 250 म्हणजे 2000, गाडीभाडं-हमाली क्विंटलला 100 म्हणजे 800. झाले 18,550. यात फवारणी पंप, ताडपत्री यांचा घसारा, लावलेल्या पैशाचं व्याज, शेतसारा मिळून 1450 टाका, म्हणजे बरोब्बर 20,000, क्विंटलला 2500. जमीन दुसऱ्याची ठोक्याने, म्हणजे ठरलेल्या भाड्याने, केली असेल तर तो ठोका पण इथेच येतो. याला सरकारी भाषेत ए-टू म्हणतात, केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग हमीभावाची शिफारस करताना असेच खर्च मोजतो.

आता घरची माणसं. आई निंदायला गेली, तुम्ही दोन्ही वेळा फवारलं, रात्री मळणीवर उभे राहिलात, त्याचे पैसे कोणाला दिले नाहीत म्हणून ते वहीत येत नाहीत. पण तेच दिवस दुसऱ्याच्या रानात गेला असता तर मजुरी मिळालीच असती ना? 12 दिवस 400 ने धरले तर 4800. झाले 24,800, क्विंटलला 3100. हा ए-टू प्लस एफएल, एफएल म्हणजे घरची मजुरी.

आणि तिसरा हिशोब, जो बहुतेक जण धरतच नाहीत. जमीन घरची आहे म्हणून ती फुकट नाही. हीच जमीन खरिपापुरती दुसऱ्याला दिली असती तर समजा 8000 आले असते, ते तुम्ही सोडले. त्यात अवजारं वगैरेत अडकलेल्या स्वतःच्या भांडवलाचं व्याज 800 धरा. एकूण 33,600, म्हणजे क्विंटलला 4200. हा सी-टू. अर्थशास्त्रात संधी खर्च, अपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणतात तो हाच, पावती नसते पण खर्च असतो.

आता मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीत, क्विंटलला भाव 4000 लागला तर? ए-टू ने क्विंटलला 1500 नफा, घरची मजुरी धरली की 900, आणि सी-टू ने उलटा 200 तोटा. माल तोच, भाव तोच. हमीभावावरून इतकी वर्षं जे भांडण चाललंय ते पण याच फरकाचं आहे. केंद्राने नेमलेल्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने, म्हणजे स्वामिनाथन आयोगाने, उत्पादन खर्चावर निदान 50 टक्के जास्त भाव द्या म्हटलं, 2018 च्या बजेटमध्ये सरकारने दीडपट जाहीर केलं पण दीडपट धरलं ए-टू प्लस एफएलच्या, आणि शेतकरी संघटना म्हणतात सी-टू धरा. 2025-26 ला सोयाबीनचा हा ए-टू प्लस एफएल खर्च सरकारने क्विंटलला 3552 धरला होता आणि हमीभाव 5328, म्हणजे नेमका दीडपट. माझं विचाराल तर शेती करायची की जमीन देऊन टाकून नोकरी धरायची हा प्रश्न असेल तेव्हा सी-टूच बघावा, नाहीतर आपण आपल्याच जमिनीच्या भाड्यावर जगतोय आणि त्याला नफा म्हणतोय.

क्विंटलमागचा खर्च कायम एकच राहत नाही हे पण लक्षात ठेवा. पाऊस दगा देऊन 4 क्विंटलच झालं तर नांगरट, बी, खत, काढणी काही कमी होत नाही, उक्ती काढणी एकरावर असते पोत्यावर नाही. कमी होते फक्त मळणी अन हमाली, 1400 ची. म्हणजे 23,400 भागिले 4, क्विंटलला 5850! हमीभाव मिळाला तरी घरच्या मजुरीसकट खर्च निघत नाही. उताऱ्याबरोबर न हलणारा तो इथे फिक्स्ड, हलणारा तो व्हेरिएबल. ट्रॅक्टरचं असंच, 7 लाखाचा घेतला, 10 वर्षांनी 3 लाख येतील धरलं तर वर्षाला 40 हजार घसारा, तो 400 तास चालवला तर तासाला 100, आणि 6 एकरवाल्याने दारात उभा ठेवून 150 तास चालवला तर 267 च्या आसपास, डिझेल वेगळं, हप्त्याचं व्याज वेगळं. तासाने भाड्याने मिळत असेल तर कशाला?

आता भर हंगामातले प्रश्न. अळी दिसतेय, आणखी एक फवारणी मारू का? इथे 20 हजार का 33 हजार हे बघायचंच नाही. फवारणीचे 1200 अन घरची मजुरी 400, मिळून 1600 जाणार. अर्धा क्विंटल वाचेल असं वाटत असेल तर 4000 च्या भावाने, मळणी-हमालीचे क्विंटलला 350 वजा जाता, 1825 हातात येतात, मारा. भाव 3500 असेल तर 1575 च येतात, राहू द्या. पुढच्या एका घासापुरता असा खर्च मोजणं म्हणजे मार्जिनल, सीमांत खर्च.

काढणीच्या वेळी पावसाने झोडपलं तर पण हेच. “इतका पैसा घातलाय, आता सोडायचं कसं” असं सगळेच म्हणतात, पण घातलेला पैसा काढला काय न काढला काय, परत येत नाही, तो बुडीत म्हणजे संक खर्च. काढणी 4500 आणि वर क्विंटलला 350, एवढंच समोर ठेवा. चांगल्या मालाचा 4000 भाव धरला तर एक क्विंटलला 3650 उरतात, काढणीच निघत नाही, रोटाव्हेटर फिरवा आणि हरभऱ्याला वापसा (पेरणीजोगी ओल) धरा. दोन क्विंटलला 7300 उरतात, काढा. फक्त माल डागी असेल तर भाव डागीचाच धरा, आणि विमा असेल तर रोटाव्हेटर फिरवायच्या आधी पंचनामा लागतो का ते विचारून घ्या.

सोयाबीनमध्ये तूर असेल तर नांगरटीचा खर्च कोणाच्या नावावर टाकायचा यावर फार डोकं लावू नका, दोन्ही मालाच्या पैशाच्या प्रमाणात वाटून टाका, नुसत्या ओळी मोजून वाटलं तर तुरीवर अन्याय होतो नाहीतर सोयाबीनवर.

आणि शेवटचं, माल घरात ठेवायचा का. 8 क्विंटल 4000 ने म्हणजे 32,000 अडकले, तुमच्यावर सोनेतारण कर्ज 12 टक्क्याचं असेल तर चार महिन्याचं व्याज 1280, क्विंटलला 160. वाळून वजन घटतं, उंदीर खातात ते वेगळं. त्यात पीककर्जाची तारीख चुकली तर 3 टक्के व्याज सवलत जाते, 4 चं 7 होतं. भाव निदान 4300 होईल असं वाटत नसेल तर मोंढ्यात नेऊन टाका.