ग्राइंडर हातात घेणाऱ्या नव्या पोरांनो, आधी डोळे

आयटीआय झालेली पोरं जालन्याच्या, वाळूजच्या एमआयडीसीत नाहीतर गावाकडच्या ट्रॉली-ग्रीलच्या शेडात कामाला लागतात. फॅब्रिकेशनमध्ये बरीच वर्षं काढल्यावर एक गोष्ट मला सतत दिसते. वेल्डिंगला काच धरल्याशिवाय कुणी होल्डर उचलत नाही, पण ग्राइंडर, म्हणजे लोखंड कापायचं-घासायचं चकतीचं मशीन, उघड्या डोळ्यांनी चालवतात, कारण त्याचा उजेड खुपत नाही.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. म्हणजे चकतीची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर पळते. कटिंगची चकती जेमतेम मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर जाड. ती कापात तिरपी झाली, अडकली किंवा तिच्या बाजूनं घासायला गेलात की फुटते, आणि तुकडा सुटतो तेव्हा पापणी मिटायलाही वेळ मिळत नाही. म्हणून गार्ड, म्हणजे चकतीवरचं झाकण, काढायचा नाही, कोपरा कितीही अडचणीचा असो. मोठ्या मशीनची चकती लहान मशीनवर चढवायची नाही. तिला तेवढे फेरे झेपत नाहीत. किती झेपतात ते चकतीवर छापलेलं असतं, मुदत मधल्या कड्यावर असते. दोन्ही वाचा.

नंबरचा चष्मा किंवा बाजारातला काळा गॉगल चालत नाही. आयएस ५९८३ (संरक्षक चष्म्याचं भारतीय मानक) छापलेला, पॉलिकार्बोनेट काचेचा, बाजूनं बंद असलेला घ्या आणि गालाशी फट राहते का ते पाहा. कण गालावर आपटून खालूनच आत शिरतात. फेस शील्ड चष्म्यावरून घालायचं, चष्म्याऐवजी नाही, कारण ते खालून उघडं असतं. शेजारी पाइप धरून उभा असलेल्या गड्यालाही चष्मा द्या. ठिणग्या बऱ्याचदा त्याच्याच अंगावर जातात.

आपल्याकडचा खरा घोळ उन्हाळ्यात होतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडात घामानं काच धुरकटली की पोरं चष्मा कपाळावर सरकवतात आणि ‘एवढा एकच काप’ म्हणून कापतात. त्यापेक्षा मशीन बंद करा, काच पाण्यानं धुवा. शर्टानं पुसलीत तर कपड्यावरच्या लोखंडाच्या किसानं तिला ओरखडे पडतात. कपाळाला घामाची पट्टी बांधा, हवेची छिद्रं असलेला गॉगल मागून घ्या. कंपनीत असाल तर संकोच नको. कारखाने अधिनियम, १९४८ मधलं कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणासाठीच होतं; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली.

काम संपल्यावर भुवयांत, केसांत कीस असतो. आधी डोकं झटका, तोंड धुवा, मग डोळ्यांना हात लावा.

कण गेलाच तर चोळू नका. स्वच्छ पाण्यानं धुवा. निघाला नाही, तर रुमालाच्या टोकानं किंवा काडीनं काढून देणाऱ्या मित्राला हात जोडा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. लोखंड बुबुळावर राहिलं तर काही तासांतच त्याभोवती गंज धरायला लागतो. डोळ्यात काही रुतलं असेल तर ओढू नका, धुऊ नका, दाबू नका. वरून कागदी कप झाकून थेट दवाखाना गाठा. फटका बसला आणि दुखत नाही, एवढ्यावर गाफील राहू नका. बारीक तुकडा फारसं न दुखता आत घुसतो आणि आत राहिलेलं लोखंड हळूहळू नजर खातं. डॉक्टरांना ‘ग्राइंडरवर लोखंड कापत होतो’ हे पहिल्यांदा सांगा. डोळ्यात लोखंड असताना एमआरआय केला तर चुंबकानं ते हलतं.