कमी साखरेची शॅम्पेन निवडताना लेबल कसे वाचावे

फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातील एखाद्या लहान उत्पादकाची कमी साखरेची वाइन घ्यायची असेल, तर प्रथम लेबलाच्या तळाशी, नोंदणी क्रमांकाच्या आधी बारीक छापलेली दोन रोमन अक्षरे शोधावीत. तेथे ‘आरएम’ असल्यास उत्पादकाने ती वाइन प्रामुख्याने स्वतःच्याच बागेतील द्राक्षांपासून केलेली असते. ‘एनएम’ असल्यास त्याला इतरांची द्राक्षे विकत घेण्याची मुभा असते आणि बहुतेक बडी घराणी याच वर्गात मोडतात.

मग गोडीचा शब्द पाहावा. येथे अनेकांची फसगत होते, कारण ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे नाव ऐकून तीत साखर सर्वांत कमी असेल असे वाटते, प्रत्यक्षात मात्र लिटरमागे 12 ते 17 ग्रॅम असते. ‘ब्रूट’मध्ये ती 12 ग्रॅमच्या आत, ‘एक्स्ट्रा ब्रूट’मध्ये 6 ग्रॅमपर्यंत आणि ‘ब्रूट नेचर’मध्ये 3 ग्रॅमपेक्षा कमी असते. नाशिककडच्या स्पार्कलिंग वाइनवरही ‘ब्रूट’ हा शब्द आढळतो, मात्र त्यांना शॅम्पेन म्हणता येत नाही.

फेस येण्यासाठी बाटलीत लिटरमागे सुमारे 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात. ही साखर यीस्ट फस्त करते आणि त्यातून सुमारे 6 बार दाब तयार होतो. पेल्यात उतरणारी गोडी येते ती मुख्यतः नंतर, गाळ काढून टाकल्यावर घातल्या जाणाऱ्या गोड मिश्रणातून. ‘ब्रूट नेचर’मध्ये हे मिश्रण साखरेविना असते, त्यामुळे कच्च्या द्राक्षांचा आंबटपणा झाकायला काहीच उरत नाही आणि उत्पादकाला तोडणीची वेळ अचूक साधावी लागते. मार्न नदीच्या खोऱ्यातील टार्लां हे कौटुंबिक घराणे अशाच वाइनसाठी ओळखले जाते. पहिल्यांदाच घेणाऱ्याने मात्र, माझ्या मते, ‘एक्स्ट्रा ब्रूट’पासून सुरुवात करावी. मागच्या लेबलावर गाळ काढल्याची तारीख दिली असेल, तर त्यानंतर काही महिने उलटलेली बाटली निवडावी.

साखर कमी म्हणजे उष्मांक कमी, असा हिशेब मात्र करू नये. 125 मिलिलिटरच्या पेल्यात ‘ब्रूट’ची साखर फार तर दीड ग्रॅम, म्हणजे सहा कॅलरी; त्याच पेल्यातील अल्कोहोलच्या सुमारे 80 कॅलरी तशाच राहतात.

बाटली 8 ते 10 अंशांपर्यंत थंड करून, बूच माणसांपासून दूर ठेवून तिरकी धरावी. तारेची जाळी सैल करताना अंगठा बुचावरून काढू नये. त्यानंतर बूच न फिरवता बाटली हळूहळू फिरवावी. मोठा आवाज न होता हलका सुस्कारा ऐकू आला, तर बाटली नीट उघडली असे समजावे.