माळ्यावरचं सामान खाली काढलंय? मग बाटल्यांना सुतळी गुंडाळायच्या आधी हे वाचा

आधी कबुली देऊन टाकते. मी पण बाटल्यांना सुतळी गुंडाळलीये. लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ बघून बघून अकरा बाटल्या केल्या, वर लेस, लेसवर मणी, आणि मग त्या दोन वर्षं शोकेसवर धूळ खात बसल्या, सुतळीत बसलेली धूळ कशानेच निघत नाही हे कुणी व्हिडिओत सांगत नाही. शेवटी भंगारवाल्याला द्यायला काढल्या तर तो म्हणतो, ताई दोरी काढून द्या, नुसती काच घेतो. एक रविवार गेला ती सुतळी खरवडण्यात.

तेव्हापासून मी जुनी वस्तू हातात घेतली की "याचं काय बनवू" असा विचारच करत नाही. ही आजपर्यंत काय काम करत होती ते बघते. वजन पेलत होती? ऊब देत होती? पाणी धरत होती? मग तेच काम तिला दुसऱ्या जागी द्यायचं. वस्तू टिकते पण आणि घरात अडगळ पण होत नाही. खाली जे सांगतेय ते सगळं याच हिशोबाने केलेलं आहे.

सुरुवात पायमशीनच्या स्टँडचं टेबल करण्यापासून. निम्म्या घरांत आई-आजीचं शिलाई मशीन कुठल्यातरी कोपऱ्यात कपड्यांच्या ढिगाखाली असतंच, आणि नसलं तर जुन्या बाजारात मिळतं. पुण्यात मंगळवार पेठेकडच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी जा, मुंबईत चोरबाजार आहे, तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात हे लक्षात ठेवा, आणि मोठं फर्निचर हवं असेल तर ओशिवरा. पण आधी मशीन चालतंय का ते बघा हां. तेल घालून, पट्टा बदलून चालत असेल तर त्याचं टेबल करू नका, शिवायला वापरा किंवा शिवणाऱ्या कुणाला तरी द्या. मुंडकं खरंच गेलेलं असेल तरच पुढचं वाचा.

स्टँड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. बीड वजनाला भक्कम पण ठिसूळ, म्हणजे गंजलेला बोल्ट निघत नाही म्हणून हातोडी घातलीत तर बोल्ट राहतो तिथेच आणि पायाची नक्षी तुटून हातात येते, आणि साध्या वेल्डिंगवाल्याकडून बीड नीट जोडून मिळेल अशी आशा ठेवू नका. त्यामुळे बोल्टवर डिझेल नाहीतर डब्ल्यूडी-४० (गंज सैल करायचा स्प्रे) सोडा आणि रात्रभर झोपा. सकाळी पान्याने थोडं उलटं थोडं सुलटं करत हलवायचं. नाही हललं तर परत तेल, परत रात्रभर. माझा एक बोल्ट तीन रात्रींनी निघाला.

मग तारेच्या ब्रशने गंज काढायचा, ८० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावरून १२० नंबर, कोरड्या फडक्याने पुसून रेड ऑक्साईड प्रायमरचा एक हात, आणि वर काळ्या ऑइल पेंटचे दोन हात. रंग पातळ लावा. जाड लावला की कंपनीच्या नावाची ओतीव अक्षरं भरून जातात आणि सगळी मजा तर त्या अक्षरांची आहे. पावसाळ्यात हे काम काढू नका, प्रायमरखाली ओल राहिली की दोन महिन्यांत फुगे येतात.

वरची फळी. पुण्यात वाडे पाडले की त्यातलं सागवान, दारं, खांब, कड्या-कोयंडे सगळं विकायला येतं, त्यातलं जुनं दार किंवा फळी बघा. एक इंच जाडीची पुरे. सुताराकडे कापायला देण्याआधी फळीवरून लोहचुंबक फिरवा, जुन्या लाकडात मोडलेले खिळे आत राहिलेले असतात, आणि करवतीचं पातं गेलं की सुतार जे तोंड करतो ते बघवत नाही. स्टँडला जुन्या फळीसाठी भोकं असतातच, तीच वापरायची, स्क्रू खालून वर जातात त्यामुळे पाऊण इंचाचेच घ्या, मोठा घेतला तर टेबलावर टोक बाहेर येईल. आणि खाली वॉशर घालून जरा सैल ठेवा, पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला हलायला जागा लागते.

लाकडाला मी जवसाचं तेल लावते, पॉलिशपेक्षा डाग कमी दिसतात. वाळायला मात्र चार-पाच दिवस धरा. आणि हे नीट वाचा: तेल लावलेलं फडकं चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि गोळा करून टाकलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. अतिशयोक्ती नाहीये ही. बाहेर दोरीवर पसरून कडक वाळवा, मग टाका.

खालचं पायडल काढू नका. लोक काढतात, का ते मला कळत नाही. माझा नवरा त्या टेबलावर बसून ऑफिसचे कॉल घेतो आणि मीटिंग कंटाळवाणी झाली की पाय आपोआप पायडलवर जातो, मला स्वयंपाकघरात चाकाच्या आवाजावरून मीटिंग कशी चाललीये ते कळतं. फक्त घरात लहान मूल असेल तर पायडलपासून चाकापर्यंत जाणारा दांडा सोडवून ठेवा, बोटं सापडतात.

आता जुन्या बाजारातून लाकडी वस्तू आणताना माझी झालेली फजिती. वेताच्या विणीची सागवानी खुर्ची, इतकी सुंदर की मी भाव पण नीट केला नाही, थेट बेडरूममध्ये आणून ठेवली. चौथ्या दिवशी सगळ्यांच्या हातांवर एका रांगेत चट्टे. ढेकूण! पुढचे दोन महिने आमचं काय झालं ते विचारू नका, पेस्ट कंट्रोलवाला तीनदा आला. तर आता मी मोबाईलचा टॉर्च लावूनच बघते, सांधे, स्क्रूची भोकं, वेत जिथे खाचेत ठोकलेला असतो ती जागा, गादी असेल तर तिची शिवण. शाईचे ठिपके पडल्यासारखे बारीक काळे डाग दिसले की वस्तू कितीही आवडली तरी सोडायची. आणि स्वच्छ दिसली तरी आठवडाभर गच्चीत किंवा गॅलरीतच ठेवायची, सांध्यांमध्ये उकळतं पाणी ओतायचं (पॉलिश जाईल, जाऊ दे) आणि मगच घरात. बाजारातली जुनी गादी तर फुकट दिली तरी घेऊ नका. लाकडाला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर आत किडा अजून जिवंत आहे समजा.

जुन्या दारांच्या रंगाचं पण एक आहे. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीचा ऑइल पेंट असेल तर शिसं आहे असंच धरून चाला. कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवायची नाही, वॉटर पेपर ओला करून घासायचं, मास्क लावायचा, पोरांना लांब ठेवायचं आणि खाली वर्तमानपत्र पसरून सगळं गुंडाळून टाकायचं. पॅलेटची (माल ठेवायच्या लाकडी चौकटींची) फळकुटं आणून सोफा करायची सध्या फॅशन आहे, तर पॅलेटवरचा शिक्का वाचा. एचटी असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं आहे, घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घरात नको. सिमेंटचे जुने पत्रे कापू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. मागे फुगलेला जुना टीव्ही उघडून त्यात फिशटँक करणारे पण व्हिडिओ आहेत, बंद टीव्हीची काचेची नळी धोकादायक असते, त्या भानगडीत पडू नका, ई-कचऱ्यात द्या.

पितळेची भांडी. आजीची पातेली, डबे, बंब, घागरी. यात भोक पाडून कुंडी करणाऱ्यांवर माझा राग आहे. पितळी पातेल्याचं मूळ कामच अजून शिल्लक असतं, त्याला फक्त कल्हई लागते. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो, भसकन पांढरा धूर येतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाने फिरवतो आणि बघता बघता काळं भांडं आतून चांदीसारखं होतं. गल्लीत आला तर पोरांना नक्की दाखवा. कल्हईशिवाय पितळेत आमटी, ताक, चिंचेचं काही करू नका, कळकतं. आणि कथील साधारण २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसायचं नाही, आणि आत लाकडी पळी वापरायची. घासायला बाहेरून चिंच-मीठ, आतून साधा साबण, तारेची घासणी अजिबात नको. घागरीला चीर गेली असेल, पाणी धरत नसेल, तर मात्र खुशाल छत्र्या ठेवायला दाराशी ठेवा.

बाकी पटापट. तेलाचा पत्र्याचा १५ किलोचा डबा, कडा हातोडीने आत वळवून घ्या नाहीतर हात कापेल, मग कोरडी पानं, कांद्याच्या साली, अशा सुक्या गोष्टींना. पेंटची २० लिटरची बादली, खाली आणि बाजूला भोकं पाडून ओल्या कचऱ्याच्या खताला, एक थर ओला एक थर वाळका पाला, वास आला तर पाला कमी पडलाय. ते खत मी फुलझाडांनाच घालते, कोथिंबिरीला नाही, शेवटी रंगाची बादली ती. वॉशिंग मशीनचा स्टीलचा ड्रम मिळाला तर सोडू नका, आतल्या भोकांमुळे पाणी आपोआप निथळतं, उलटा घातला की स्टूल, सुलटा ठेवला की मोठ्या झाडाची कुंडी.

आणि आता गोधडी, जी मला या सगळ्यात सगळ्यात आवडते. बोहारणीला साड्या देऊन स्टीलचा डबा घ्यायच्या आधी त्यातल्या सुती साड्या बाजूला काढा. सुतीच हव्या. सिंथेटिक घसरते, थर एकमेकांवर बसत नाहीत, आणि ऊब पण येत नाही. जितकी जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली तितकी चांगली, पण दोन्ही हातांनी ताणल्यावर चर्र झालं तर ती आतल्या थराला, बाहेरून नको.

पहिल्यांदा करत असाल तर मोठी गोधडी काढू नका, अर्धवट राहते, माझ्या ओळखीत अर्धवट गोधड्या डझनभर आहेत. बाळाचं दुपटं करा. एक साडी अठरा फुटांची, साडेतीन साडेतीन फुटांवर घडी घालत गेलात की पाच थर होतात, झालं, कापायचं पण काम नाही. मोठी करायची असेल तर एका साडीचे सात फुटांचे दोन तुकडे कापून कडेला कड जोडा, साधारण सात बाय सातचा एक थर तयार, असे चार-पाच थर. फॉल आधी उसवा. काठ पण काढून ठेवा, शेवटी त्याचाच गोट लावायचा.

साड्या गरम पाण्यात धुऊन इस्त्री करा. मग फरशीवर पसरून चारी कोपऱ्यांना वजनं ठेवायची, आमच्याकडे वरवंटा, खलबत्ता आणि दोन डंबेल्स. तळव्याने मधून बाहेर सारवल्यासारखा हात फिरवत सुरकुत्या काढायच्या, मग वीतभर अंतराने कच्चे टाके घालून सगळे थर धरून ठेवायचे. हे टाळलंत तर खालच्या थरात चुण्या पडतात आणि त्या शेवटीच दिसतात, तेव्हा रडू येतं.

टाका साधा धावदोराच. जाड सुती दोरा, लांब सुई, बोटात अंगुस्तान, नाहीतर दुसऱ्या दिवशी बोटाची चाळण. कडेपासून सुरू करून चौकोनात आत आत जायचं, दोन ओळींत एका बोटाचं अंतर, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. वर जेवढा दिसतो तेवढाच खाली दिसायला हवा असं आजी म्हणायची, माझा दिसत नाही, चालतं. दोरा संपला की गाठ थरांच्या मध्ये लपवा. कोल्हापूरकडे हिलाच वाकळ म्हणतात, आणि उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायकांच्या गोधडीला कोपऱ्यांत कापडाची तिकोनी फुलं असल्याशिवाय ती पूर्णच धरत नाहीत, मी दुपट्याला तशी फुलं लावून बघितली, गोड दिसतात आणि कोपरे झिजत पण नाहीत. रोज रात्री सिरीयल बघता बघता तासभर शिवलं तर दुपटं दोन आठवड्यांत होतं. मोठीला मला अडीच महिने लागले.

धुताना मोठी गोधडी मशीनमध्ये कोंबू नका, ओली झाली की ती इतकी जड होते की ड्रम थडथडायला लागतो. टबात भिजवायची, पायाने तुडवायची, दोघांनी दोन टोकं धरून पिळायची. आणि वाळत घालताना एका दोरीवर नाही, शेजारी शेजारी दोन दोऱ्यांवर. माझी पहिली गोधडी मी एकाच नायलॉनच्या दोरीवर टाकली होती, दहा मिनिटांत दोरी तुटली आणि ती ओलीगच्च गोधडी थेट खालच्या काकूंनी गॅलरीत वाळत घातलेल्या पोह्याच्या पापडांवर. पुढचे दोन दिवस मी त्यांच्याकडे पापड लाटत होते.